पदवी मागे धावते

काही वर्षांपूर्वी मी एक वाक्य लिहिले. त्या एका वाक्यात चार पदव्या होत्या. त्यांपैकी तीन चुकीच्या होत्या आणि चौथी कशाच्या आधारावर उभी आहे, हे मला त्या वेळी सांगता आले नसते. पुढे ते वाक्य पुरावा म्हणून माझ्यासमोरच ठेवण्यात आले. हा लेख त्या वाक्याविषयी आहे.

बारामतीत माझे टंकलेखनाचे आणि अक्षरजुळणीचे दुकान आहे. लग्नपत्रिका, अहवाल, सहकारी संस्थांच्या स्मरणिका ही रोजची कामे. इतिहासाचे वाचन दुकान सांभाळून चाललेले. त्याची पदवी नाही, गुरू नाही. एका संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत शेवटची दोन पाने रिकामी राहत होती. चालक म्हणाले, ‘‘तुम्ही वाचता ना सारखे, आपल्या भागाविषयी काहीतरी लिहा.’’ मी एका रात्रीत लिहून दिले. त्यातले हे वाक्य : ‘मालोजीराजांच्या जहागिरीतील या मुलखाची लॉर्ड एल्फिन्स्टन यांच्या काळात सर जॉर्ज विंगेट यांनी मोजणी केली आणि पुढे गव्हर्नर लॉर्ड लॉइड यांनी येथे नीरेचा कालवा आणला.’

वाक्य मला आवडले होते. वजनदार वाटत होते. वजन कशाचे होते, हे आता कळते. ते पदव्यांचे होते.

स्मरणिका छापली, वाटली, बहुतेकांच्या माळ्यावर गेली. नंतर कधीतरी एका ऑनलाइन ज्ञानकोशात नीरेच्या कालव्याविषयी वाचत असताना ‘गव्हर्नर लॉर्ड लॉइड यांनी कालवा आणला’ असे विधान दिसले. एव्हाना मला त्यातली चूक ठाऊक झाली होती, म्हणून मी ते दुरुस्त केले. दुसऱ्या दिवशी दुरुस्ती उलटवलेली. कारण दिले होते : मूळ विधानाला छापील संदर्भ आहे, आपल्या बदलाला नाही. मी संदर्भ उघडून पाहिला. तो माझ्याच स्मरणिकेचा होता. पान क्रमांकही बरोबर होता.

माझ्या अज्ञानाने माझ्या ज्ञानाचा पराभव केला होता, आणि तोही नियमाप्रमाणे. दुरुस्ती उलटवणाऱ्या त्या अनामिक संपादकाचा मला राग आला नाही असे नाही. पण विचार करता त्याची बाजू मला खोडता येईना. त्याच्यासमोर एकीकडे छापलेला कागद होता आणि दुसरीकडे मी, म्हणजे एक टोपणनाव. त्याने कागद निवडला. मीही तेच केले असते.

ज्यांनी विकिपीडियावर कधी संपादन केलेले नाही त्यांच्यासाठी नियम थोडक्यात सांगतो. तिथे लिहिणाऱ्याने स्वतःचे संशोधन मांडायचे नसते. इतरांनी विश्वसनीय ठिकाणी प्रसिद्ध केलेले मांडायचे असते. शिलालेख, राजपत्र, सनद अशा मूळ साधनांपेक्षा त्यांवर अभ्यासकांनी लिहिलेले ग्रंथ पसंत केले जातात. मूळ साधन अगदीच वर्ज्य नाही. वाचताक्षणी कळेल अशा साध्या गोष्टीपुरते ते चालते. एखाद्याने स्वतःच चालवलेले संकेतस्थळ मात्र सहसा चालत नाही. नियम शहाणपणाचे आहेत. कोणीही लिहू शकेल अशा ठिकाणी एवढी तटबंदी हवीच.

पण पदवी ही गोष्ट या तटबंदीतून हमखास आत शिरते. इंग्रजी विकिपीडियावर ब्रिटिश सरदार-उमरावांच्या लेखांसाठी संदर्भांवरून जे वाद झाले ते मी त्या निमित्ताने वाचत गेलो. तिथला पेच आपल्या ओळखीचा निघाला. ब्रिटनमध्ये उमरावपद सनदेने मिळते आणि त्याची वर्दी ‘लंडन गॅझेट’मध्ये छापून येते. हे राजपत्र १६६५ पासून निघते आहे. २००४ पासून तर उमरावांची अधिकृत नोंदवही ठेवली जाते; ज्याचे नाव तीत नाही त्याला सरकारी कागदपत्रांत त्या पदवीने संबोधायचे नाही, असा राजाज्ञेचा दंडक आहे. म्हणजे पदवी कोणी, कोणाला, कधी दिली हे सांगणारा कागद जवळजवळ प्रत्येक वेळी हाताशी असतो. तरीही वाद होतात. कारण लोक त्या कागदापर्यंत जात नाहीत, वंशावळीच्या पुस्तकांपाशी थांबतात. बर्कचे ‘पीअरेज’ हे त्यातले सर्वांत प्रसिद्ध पुस्तक १८२६ साली प्रथम निघाले. त्यातल्या कित्येक घराण्यांच्या प्राचीन मुळांच्या कथा घराण्यांनीच पुरवलेल्या होत्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस होरेस राउंड या संशोधकाने त्या कथांची साले काढली. आता पुस्तकांची जागा हौशी संकेतस्थळांनी घेतली आहे. एकेका माणसाने वर्षानुवर्षे खपून हजारो उमरावांची माहिती जमवलेली ही संकेतस्थळे सोयीची म्हणून संदर्भ बनली आणि त्यांच्यामागे संपादक नाही, परीक्षक नाही म्हणून पुढे त्यांच्यावर फुली पडली.

ती चर्चा वाचताना मला त्या हौशी माणसांविषयी आपुलकी वाटली. मीही त्यांच्यातलाच. फरक इतकाच, की माझी चूक कागदावर छापली गेली म्हणून ती विश्वसनीय ठरली.

आता माझ्या वाक्याकडे येतो, शेवटून सुरुवात करून.

‘गव्हर्नर लॉर्ड लॉइड.’ जॉर्ज लॉइड हे १९१८ ते १९२३ या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते. त्या पाच वर्षांत ते ‘सर जॉर्ज लॉइड’ होते. त्यांना उमरावपद मिळाले १९२५ साली, मुंबई सोडून दोन वर्षे झाल्यावर. म्हणजे ‘गव्हर्नर लॉर्ड लॉइड’ नावाचा माणूस मुंबईत कधी झालाच नाही. मुंबईतल्या बीडीडी चाळी ज्या विकास खात्याने बांधल्या, ते त्यांच्याच कारकिर्दीतले. त्या चाळींच्या गोष्टींतही ‘लॉर्ड लॉइड’ असेच सांगितले जाते.

यापेक्षा मोठी चूक क्रियापदात होती. नीरेचा डावा कालवा, ज्याच्या पाण्यावर बारामती आणि इंदापूर तालुक्यांतला ऊस उभा राहिला, तो एकोणिसाव्या शतकातला. १८७६ च्या दुष्काळाने पुणे जिल्ह्याचा पूर्व भाग होरपळला, त्यानंतरच्या वर्षांतले ते काम. कालव्यात पाणी आले तेव्हा लॉइड शाळकरी वयाचे होते. त्यांचे नाव लागले ते भोरजवळ भाटघर येथे जुन्या धरणाच्या पुढच्या बाजूला बांधलेल्या नव्या, मोठ्या धरणाला. तेच लॉइड धरण. त्याच्या जलाशयाला आज येसाजी कंकांचे नाव आहे. धरणावरचे नाव पदवीसकट कालव्यातून खाली वाहत आले आणि पन्नास वर्षे आधीच्या खोदकामावर जाऊन बसले. ते खोदकाम दुष्काळात पोटासाठी घमेली वाहणाऱ्या माणसांनी केले होते. त्यांतल्या एकाचेही नाव माझ्या वाक्यात नव्हते, येणारही नव्हते. पण निदान ज्याचा संबंध नाही त्याचे तरी यायला नको होते.

‘सर जॉर्ज विंगेट.’ इंदापूरकरांनी हा माणूस विसरू नये असा आहे. कंपनी सरकारच्या काळात प्रिंगल यांनी केलेली जमीन आकारणी डोईजड झाली, गावेच्या गावे ओस पडू लागली. तेव्हा फेरमोजणीचा नवा प्रयोग इंदापूर तालुक्यात सुरू झाला. गोल्डस्मिड हे मुलकी अधिकारी आणि विंगेट हे लष्करी इंजिनिअर या दोघांनी १८३६ साली तो मार्गी लावला. जमिनीची प्रत ठरवून आकार बांधायचा आणि तो तीस वर्षे वाढवायचा नाही, ही पद्धत इथून मुंबई इलाखाभर पसरली. मुंबईच्या रयतवारीचा नमुना इंदापूरच्या जमिनीवर तयार झाला असे म्हणता येते.

पण साखळी घेऊन इंदापूरच्या रानात फिरणारा माणूस ‘सर’ नव्हता. तो लेफ्टनंट होता. ‘सर’ त्यानंतर पुष्कळ वर्षांनी लागले. हा फरक कोणाला क्षुल्लक वाटेल. मला वाटत नाही. ‘सर जॉर्ज विंगेट यांनी मोजणी केली’ म्हटले की डोळ्यांसमोर तंबू, शिरस्तेदार आणि वजनदार साहेब उभा राहतो. ‘लेफ्टनंट विंगेट’ म्हटले की एक तरुण कनिष्ठ अधिकारी दिसतो, ज्याला आपल्या वरिष्ठांना आधीची आकारणी चुकली हे पटवून द्यायचे होते. पहिल्या चित्रात सरकार रयतेवर कृपा करते. दुसऱ्यात सरकारच्याच दोन तरुण नोकरांनी सरकारची चूक दाखवली आहे. पदवीने इतिहासाचा अर्थ बदलला.

‘लॉर्ड एल्फिन्स्टन.’ ही चूक महाराष्ट्रात सर्वांत जुनी आणि सर्वांत लाडकी. पेशवाईच्या अखेरीस पुण्याचा रेसिडेंट असलेला आणि १८१९ ते १८२७ मुंबईचा गव्हर्नर झालेला माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हा लॉर्ड नव्हता. तो अकराव्या लॉर्ड एल्फिन्स्टनचा चौथा मुलगा. लॉर्ड होता त्याचा पुतण्या जॉन, तेरावा लॉर्ड एल्फिन्स्टन, जो १८५३ ते १८६० या काळात, म्हणजे सत्तावन्नच्या धामधुमीत, मुंबईचा गव्हर्नर होता. मुंबईचे एल्फिन्स्टन कॉलेज काकाच्या नावाचे. एल्फिन्स्टन रोड हे रेल्वे स्थानक, जे २०१८ साली प्रभादेवी झाले, ते पुतण्याच्या. आणि इंदापूरची मोजणी या दोघांपैकी एकाच्याही काळातली नाही. १८३६ साली गव्हर्नर होते सर रॉबर्ट ग्रँट. थोडक्यात, माझ्या वाक्यातल्या ‘लॉर्ड एल्फिन्स्टन यांच्या काळात’ या चार शब्दांत माणूस, पदवी आणि काळ तिन्ही गोष्टी चुकल्या होत्या.

अशी चूक एकट्या माझी नाही. १९०८ च्या टिळकांच्या खटल्याविषयी लिहिताना ‘गव्हर्नर लॉर्ड सिडनहॅम’ असे सहज लिहिले जाते. त्या वर्षी ते सर जॉर्ज क्लार्क होते; सिडनहॅम हे नाव त्यांनी उमराव झाल्यावर, १९१३ साली घेतले. तेव्हा टिळक मंडालेच्या तुरुंगात होते. उलट १९१८ च्या युद्ध परिषदेत टिळकांना भाषण थांबवायला लावणारे विलिंग्डन तेव्हा खरोखरच लॉर्ड होते, कारण त्यांना ते पद १९१० साली मिळाले होते. पण त्यांना ‘मार्क्विस’ म्हणायचे तर १९३६ पर्यंत थांबावे लागेल.

इथे एक गोष्ट ध्यानात येते. पदवी चुकते तेव्हा ती बहुधा एकाच दिशेने चुकते. ती मागे धावते. माणसाच्या उतारवयात मिळालेले बिरुद त्याच्या तरुणपणाला जाऊन चिकटते, पुतण्याचे काकाला, धरणाचे कालव्याला. याचे कारण साधे आहे. आपण माणसाला ओळखू लागतो ते त्याच्या अखेरच्या, सर्वांत मोठ्या नावाने. आणि मग त्याची सगळी गोष्ट त्याच नावाने सांगतो. ज्ञानकोशात तर लेखाचे शीर्षकच ते मोठे नाव असते. दुसऱ्या लेखातून त्याला दुवा दिला की शीर्षकातली पदवी दुव्याबरोबर येते आणि ज्या सालात तिचे काही काम नाही त्या सालात जाऊन बसते.

पण मराठी माणसाकडून ही चूक होण्याला आणखी एक कारण आहे आणि ते आपल्या मातीतले आहे. आपल्याकडे देशमुखाचे सगळे मुलगे देशमुख, पाटलाचे सगळे पाटील, इनामदाराचे सगळे इनामदार. वतनाच्या तक्षिमा पडतात, नाव मात्र भाऊबंदांत अखंड राहते. ब्रिटिश रिवाज नेमका उलटा. जमीन, पद आणि नाव एकट्या थोरल्याला. बाकीचे भाऊ पदवीच्या दृष्टीने सामान्य प्रजा. लॉर्डचा चौथा मुलगा लॉर्ड नसतो, हे ज्याच्या घरात चौथ्या मुलाचेही नाव सातबाऱ्यावर असते त्याला कसे सुचावे? शिवाय ‘सर’ ही पदवी तिकडे पहिल्या नावाला लागते, ‘लॉर्ड’ पदाच्या नावाला. आपल्याकडे आदर नावाच्या शेवटी येतो : राव, पंत, साहेब. म्हणून आपण ‘सर लॉइड’ही बेधडक लिहितो.

आणि लोकांनी तर हा घोळ केव्हाच निकालात काढला होता. गव्हर्नर कोणीही असो, सर असो की लॉर्ड, तो ‘लाटसाहेब’. लॉर्ड या शब्दाचाच लाट झाला आणि ते पदवीचे नव्हे, अधिकाराचे नाव झाले. आजही गावात कोणी फार ऐटीत आला तर ‘आले लाटसाहेब’ म्हणतात. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनला राजाने लॉर्ड केले नाही. पुण्याच्या रयतेने केले. हे उपहासाने म्हणत नाही. पदवीचे दोन उगम असतात, एक देणाऱ्याचा कागद आणि दुसरा म्हणणाऱ्याचे तोंड. दोन्ही खरे असतात, पण ते वेगवेगळ्या गोष्टींचे पुरावे असतात.

याची सर्वांत चांगली उदाहरणे बारामतीतच आहेत. कऱ्हेकाठी ज्यांचा वाडा उभा आहे ते बाबूजी नाईक. आडनाव जोशी. पेशव्यांचे व्याही, बाळाजी विश्वनाथांची कन्या भिऊबाई बाबूजींचे बंधू आबाजी यांना दिलेली. पहिले बाजीराव १७४० साली वारल्यावर पेशवेपदासाठी ज्यांचे नाव पुढे आले, रघूजी भोसल्यांनी ज्यांची बाजू घेतली, ते हेच बाबूजी. त्यांचे ‘नाईक’ कोठून आले? ते सावकारीच्या व्यवसायातून आले, लोकांच्या तोंडून आले आणि जोशी हे आडनाव मागे सारून घराण्याचे नाव होऊन बसले. त्यांच्याच आश्रयाला राहिलेल्या कवीचे नाव मोरेश्वर रामचंद्र पराडकर. त्यांना कोणी ‘पंत’ ही पदवी बहाल केल्याचा कागद शोधायला गेलो तर वेड्यात काढतील. पण १७२९ ते १७९४ या काळातल्या त्या माणसाला ‘मोरोपंत’ खेरीज दुसरे नाव देणे हीच चूक ठरेल. ‘नाईक’ आणि ‘पंत’ या तोंडच्या पदव्या आहेत आणि त्यांचा पुरावा वापर हाच आहे. ‘लॉर्ड’ ही कागदाची पदवी आहे आणि तिचा पुरावा कागदच असला पाहिजे. ज्ञानकोशाच्या माहितीचौकटीत मात्र ‘पदवी’ असा एकच रकाना असतो आणि तो दोन्हींना एकाच मापाने मोजतो. माझी मुख्य तक्रार त्या एका रकान्याविषयी आहे.

आता राहिली चौथी पदवी, जिच्याविषयी लिहिताना हात जरा जपून चालतो. ‘मालोजीराजे.’

मालोजी भोसले हे शहाजीराजांचे वडील, शिवाजी महाराजांचे आजोबा. इंदापूर ही त्यांची मृत्युभूमी मानली जाते आणि तिथली गढी त्यांच्या नावाने ओळखली जाते. त्यांच्या पदवीची जी कथा सर्वांना ठाऊक आहे ती अशी : लखूजी जाधवांच्या घरी रंगपंचमीचा प्रसंग, शहाजी आणि जिजाबाई ही दोन मुले, थट्टेत निघालेला विवाहाचा शब्द, त्यावरून रुसवा, मग मालोजींना देवीच्या कृपेने सापडलेले धन, आणि शेवटी निजामशहाने दिलेली पाच हजारांची मनसब, राजे ही पदवी, शिवनेरी-चाकणचे किल्ले आणि पुणे व सुपे हे परगणे. सुपे म्हणजे आजच्या बारामती तालुक्यातले सुपे. ही कथा इंग्रजीत आणि तिथून जगभर नेली जेम्स ग्रँट डफ यांनी, आपल्या मराठ्यांच्या इतिहासात. त्या इतिहासाचे प्रकाशन वर्ष १८२६. बर्कच्या ‘पीअरेज’चे जे, तेच.

योगायोगावर इमारत उभारू नये हे मला कळते. पण एकाच वर्षी लंडनमध्ये निघालेल्या या दोन पुस्तकांची नंतरची गत सारखी झाली. दोन्हींत घराण्यांच्या कथा होत्या, दोन्ही पुढच्यांना सोयीची झाली आणि दोन्हींवर पुढच्या पिढीने हत्यार उपसले. तिकडे होरेस राउंड उभे राहिले. आपल्याकडे त्याआधीच, १८६७ साली, नीळकंठ जनार्दन कीर्तने या विद्यार्थिदशेतल्या तरुणाने ग्रँट डफवर टीका लिहिली. पुढे राजवाडे गावोगाव दप्तरे धुंडाळत फिरले, १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले आणि ‘अस्सल कागद’ हा शब्द मराठी इतिहासाच्या केंद्रस्थानी आला. बखर सांगते ते आणि कागद सांगतो ते वेगळे ठेवायचे, हा धडा महाराष्ट्राने विकिपीडियाच्या जन्माआधी शंभर वर्षे गिरवला आहे.

मालोजींच्या बाबतीत हा धडा लावला तर काय दिसते? ग्रँट डफ यांची कथा बखरींच्या आधाराची आहे, म्हणजे घटनेनंतर पुष्कळ काळाने लिहिलेल्या साधनांची. कवींद्र परमानंदांचे ‘शिवभारत’, जे स. म. दिवेकर यांनी संपादून १९२७ साली प्रसिद्ध झाले, ते या सर्वांत जुने. पण तेही नातवाच्या दरबारात रचलेले संस्कृत काव्य आहे. आजोबांना राजा म्हणणे हा तिथे काव्याचा आणि आश्रयाचा धर्म आहे. मालोजींच्या मृत्यूचे सालही ग्रंथागणिक वेगळे. अशा स्थितीत ‘निजामशहाने अमुक साली राजे ही पदवी दिली’ हे विधान ग्रँट डफला संदर्भ म्हणून लावून ठोकून देणे आणि ‘गव्हर्नर लॉर्ड लॉइड’ला माझी स्मरणिका लावणे, यांत जात एकच आहे. छापील संदर्भ आहे, पान क्रमांक बरोबर आहे, आणि तरी प्रश्न शिल्लक राहतो : त्या दिवशी त्यांना काय म्हणत होते, आणि ते कोणी लिहून ठेवले?

इंदापूरच्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांशी मी हे बोललो. ते जुन्या गोष्टी जपणारे, माझ्यावर लोभ असलेले. ऐकून गप्प झाले. मग म्हणाले, ‘‘काय हो, म्हणजे आता तुम्ही राजांचं राजेपण काढायला निघालात?’’

या प्रश्नापाशी मी बरेच दिवस अडलो होतो. साहेबांच्या पदव्या काढताना मजा वाटली होती. विंगेटला लेफ्टनंट केले, एल्फिन्स्टनला चौथा मुलगा केले, कोणाचे काही गेले नाही. तोच न्याय घरात लावताना जीभ का अडखळावी? अडखळते, कारण आपल्याकडे पदवी खोडणे म्हणजे माणूस खोडणे असे आपण धरून चाललो आहोत. ज्ञानकोशांतल्या भांडणांची तीव्रताही तिथूनच येते. एक बाजू आदरार्थी शब्द लावते, दुसरी ‘तटस्थता’ म्हणून काढते, पहिली अपमान समजून परत लावते. दोघेही एका रकान्यासाठी भांडतात आणि दोघांनाही त्या रकान्यात दोन वेगळ्या गोष्टी कोंबल्या आहेत हे दिसत नाही.

मी त्या गृहस्थांना शेवटी जे उत्तर दिले ते असे. ‘‘काका, निजामशहाने दिले म्हणूनच ते राजे होते का? मग शहाने काढून घेतले असते तर तुम्ही म्हणायचे थांबला असता?’’ ते हसले. इंदापूरने मालोजींना राजे म्हणणे हे लोकांच्या तोंडचे, पिढ्यान्‌पिढ्यांचे, नाईक आणि पंत यांच्या जातीचे सत्य आहे. त्याला दरबारी सनदेची गरज नाही. उलट ज्या कथेला कागद कमी पडतो तिच्यावर ते टेकवले, तर कथा डळमळली की तेही डळमळते. ‘निजामशहाने पदवी दिल्याची कथा बखरींत आणि ग्रँट डफमध्ये येते, परंपरेत ते मालोजीराजे म्हणून ओळखले जातात’ असे लिहिल्याने राजेपण कमी होत नाही. ते कोणाच्या भरवशावर उभे आहे हे कळते, एवढेच. आणि तो भरवसा शहाच्या भरवशापेक्षा जास्त टिकला आहे.

स्वतंत्र भारताने राज्यघटनेच्या अठराव्या कलमाने पदव्या बंद केल्या. पद्म पुरस्कारही नावाच्या मागेपुढे पदवीसारखे लावू नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे. तरी निमंत्रणपत्रिका जुळवताना मी दर आठवड्याला ते नावामागे जोडतो. जोडले नाही तर पत्रिका परत येते. माणसाला मोठे म्हणण्याची हौस कायद्याने जात नाही, जाऊही नये. ज्ञानकोशाकडून अपेक्षा इतकीच, की त्याने हौस आणि नोंद यांत रेघ ओढावी. प्रत्येक पदवीला तीन गोष्टी विचाराव्यात : कोणी दिली, केव्हापासून, आणि हे सांगणारा स्वतः केव्हाचा? देणारा कोणीच नसेल तर तसे लिहावे; तोही एक मान आहे. आणि या तीन प्रश्नांसाठी राजपत्र, सनद, फर्मान यांना दुय्यम ग्रंथांच्या वर बसवावे, कारण पदवीच्या तारखेबाबत ग्रंथकार झोपतात आणि राजपत्र झोपत नाही.

कालव्याच्या लेखातले ते विधान आता बदलले आहे. दोनदा उलटवले गेल्यावर मी वाद सोडून साले गोळा केली, कारकीर्द एका बाजूला आणि उमरावपद दुसऱ्या बाजूला अशी मांडून दाखवली, आणि शेवटी हेही कबूल केले की तुमच्या संदर्भाचा लेखक मीच आहे व मी चुकलो होतो. ही शेवटची गोष्ट नियमात कोठेच बसत नव्हती. पण ज्याने दोनदा उलटवले होते त्यानेच तिसऱ्यांदा दुरुस्ती केली. तो कोण, कोठला, मला ठाऊक नाही. त्याचे आभार इथेच मानतो.

स्मरणिका मात्र माळ्यांवर तशीच आहे. तिच्यात शुद्धिपत्र घालायचे राहून गेले. ते इथे देतो. ज्यांच्याकडे प्रत असेल त्यांनी शेवटून दुसरे पान काढून पेन्सिलीने लिहावे :

‘परंपरेने मालोजीराजांच्या जहागिरीत गणल्या गेलेल्या या मुलखात १८३६ साली, सर रॉबर्ट ग्रँट गव्हर्नर असताना, गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट यांनी इंदापूर तालुक्याची मोजणी व आकारणी पुरी केली; नीरेचा डावा कालवा त्याच शतकाच्या उत्तरार्धात, १८७६ च्या दुष्काळानंतरच्या वर्षांत, मजुरांनी खोदला; पुढे भाटघरला झालेल्या नव्या धरणाला माजी गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांचे नाव देण्यात आले.’

वाक्य लांबले आहे आणि पहिल्याइतके वजनदार राहिलेले नाही. दुकानात गिऱ्हाइकाने असे वाक्य आणले असते तर मी त्याला ते तोडायला सांगितले असते. पण यातला प्रत्येक माणूस आपापल्या सालात उभा आहे.